जुना वर्ड, नवा वर्ड: एकाच मशीनवर की वेगवेगळे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि त्याच दिवशी ऑफिस २०१६ व २०१९ चाही. सोलापुरातलं डीटीपी सेंटर असो, क्लास असो की हाउसिंग सोसायटीचं ऑफिस, नवा वर्ड घेताना प्रश्न एकच पडतो. जुना काढून टाकायचा, नव्याशेजारी ठेवायचा, की जुना पीसी तसाच कोपऱ्यात चालू ठेवायचा?

उत्तर सॉफ्टवेअरपेक्षा तुमच्या फायलींवर ठरतं. सगळ्यात जुन्या आणि किचकट दहा डॉक फायलींच्या कॉपी काढा (मूळ फायलींना हात लावू नका), त्या नव्या वर्डमध्ये उघडून प्रिंट घ्या आणि जुन्या प्रिंटवर ठेवून उजेडासमोर धरा. ओळी जुळल्या तर जुना वर्ड ठेवायचं कारण उरत नाही.

जुळल्या नाहीत तरी लगेच वर्डला दोष देऊ नका, बऱ्याचदा गडबड फॉन्टची असते. मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच पत्रिकेत छापणं सोलापूरला नवं नाही. जुन्या विंडोजवर अशा फायली मंगल, गौतमी आणि तुंगा या फॉन्टमध्ये होत असत. विंडोज १० पासून हे तिन्ही फॉन्ट आपोआप येतीलच असं नाही. ते नसले की वर्ड गुपचूप निर्मला यूआय हा दुसरा फॉन्ट लावतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि एका पानाची पत्रिका दुसऱ्या पानावर सांडते. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन देवनागरी, तेलुगू आणि कन्नड सप्लिमेंटल फॉन्ट्स घाला आणि मग पुन्हा तपासा. एवढ्यावर काम भागलं तर पुढची उठाठेव वाचते.

कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टची तऱ्हा वेगळी. तिथे वर्डला मराठी दिसतच नाही, दिसतात ती इंग्रजी अक्षरं. कृतिदेवमध्ये स्मॉल ई म्हणजे म आणि कॅपिटल ई म्हणजे अर्धा म्. नव्या वर्डमध्ये ऑटोकरेक्ट (टाइप केलेलं आपोआप सुधारणारी सोय) चालू असतं, त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीला तुम्ही म टाइप केला की तो कॅपिटल होऊन म् उमटतो. सुटा प टाइप केला तर त्याचाही प् होतो, कारण प स्मॉल आयवर असतो आणि वर्डला ती इंग्रजीतली एकटी आय वाटते. जुन्या वर्डमध्ये ऑटोकरेक्टची खूण कुणीतरी कधीच काढून ठेवलेली असते, म्हणून ‘जुन्यात बरोबर येतं’ असा समज होतो. नव्यातही ऑटोकरेक्ट ऑप्शन्समधल्या कॅपिटल अक्षरांच्या खुणा आणि ‘रिप्लेस टेक्स्ट अॅज यू टाइप’ काढा. स्मार्ट कोट्सही (सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार करणारी सोय) बंद करा, नाहीतर काही अक्षरांच्या जागी भलतंच उमटतं.

जुना वर्ड खरोखर लागतो तो गणिताच्या प्रश्नपत्रिकांना. इक्वेशन एडिटर ३.० हे समीकरणं लिहायचं जुनं साधन. तो मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणाने जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये काढून टाकला. त्यात केलेली समीकरणं नव्या वर्डमध्ये दिसतात, पण त्या एडिटरमध्ये दुरुस्त करता येत नाहीत. वर्षानुवर्षांचा प्रश्नसंच असा असेल तर जुना वर्ड जपणं भाग आहे.

मग शेजारी ठेवायचा का? इथे एक उलटी गोष्ट आहे: जुना वर्ड जितका जुना, तितकं भांडण कमी. वर्ड २००३ ची टेम्प्लेट फाइल (कोऱ्या पानाची मार्जिन, फॉन्ट वगैरे जिच्यातून येतात ती) नॉर्मल डॉट, तर २००७ पासून आजपर्यंतच्या सगळ्या आवृत्त्यांची नॉर्मल डॉटएम, तीही एकाच फोल्डरमध्ये. त्यामुळे २०१० आणि २०२१ एका वेळी उघडे ठेवले तर एकाने ती फाइल धरलेली असते आणि दुसरा सेव्ह करताना अडतो. एकात मार्जिन बदलून डीफॉल्ट केलं की दुसऱ्यातही बदलतं. उपाय असा: नव्या वर्डच्या ऑप्शन्समध्ये अॅडव्हान्स्डच्या अगदी तळाशी फाइल लोकेशन्स आहे, तिथे युजर टेम्प्लेट्ससाठी वेगळं फोल्डर द्या. २००३ च्या बाबतीत याची गरजच पडत नाही. २०१६, २०१९ आणि २०२१ या तिघांपैकी मात्र कोणतेही दोन एकत्र बसवायच्या भानगडीत पडू नका. आतून तिन्ही सोळाच क्रमांकाचे आहेत.

बसवताना आधी जुना, मग नवा. २००३ आणि २००७ फक्त ३२-बिटमध्ये आहेत, म्हणून नवाही ३२-बिटच निवडा. ६४-बिट घालायला गेलात की सेटअप अडून बसतो. जुन्याच्या सेटअपमध्ये कस्टम निवडून फक्त वर्ड ठेवा, आउटलुक तर नकोच.

यानंतरचा नेहमीचा त्रास म्हणजे जुना वर्ड उघडला की दर वेळी ‘कॉन्फिगर करत आहे’ अशी खिडकी येते. प्रत्येक आवृत्ती उघडताना स्वतःची नोंद पुन्हा करते, म्हणून हे होतं. रजिस्ट्रीचा (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं त्या जागेचा) बॅकअप घ्या. रजिस्ट्रीत करंट युजरखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, ११.० (हा २००३ चा क्रमांक, २००७ ला १२.०, २०१० ला १४.०), वर्ड, ऑप्शन्स या वाटेने जा. तिथे डीवर्ड (आकडा साठवणारी) प्रकारची नोंद करा. नाव नोरीरेग, म्हणजे इंग्रजीत एन, ओ, आर, ई, आर, ई, जी ही सात अक्षरं सलग, आणि किंमत १. डबल-क्लिकवर डॉक फाइल भलत्याच वर्डमध्ये उघडायला लागली तर नव्या ऑफिसला क्विक रिपेअर द्या. जुन्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवून फाइल त्यावर ओढून टाकायची सवय लावा.

दुसरी वाट वेगळ्या मशीनची. वर्ड २००३ चा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला. ग्राहकांचे पेन ड्राइव्ह आणि मेलवरच्या फायली ज्या पीसीवर येतात, त्यावर तो असणं धोक्याचं आहे. दुकानात असाल तर आमचं मत स्पष्ट आहे: शेजारी नको, वेगळा ठेवा. आठ जीबी रॅम असेल तर फुकटच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) जुनं विंडोज एक जीबी रॅम आणि वीस जीबी डिस्कवर चालतं. नेटवर्क अडॅप्टर बंद ठेवायचं आणि फायली शेअर्ड फोल्डरमधून न्यायच्या. विंडोजचं लायसन्स आणि सेटअप सीडी मात्र हाताशी हवी. कोपऱ्यातला जुना पीसी सोपा वाटतो, पण सोलापूरचा मे महिना आणि धूळ त्याच्या पंख्याला आणि हार्ड डिस्कला सोसेलच असं नाही. तोच ठेवणार असाल तर डिस्कची पूर्ण इमेज (विंडोजसकट सगळ्याची हुबेहूब कॉपी) आजच काढा.

वेगळा ठेवला तरी फायलींची ये-जा राहतेच. डॉकएक्स (नव्या वर्डचा फाइल प्रकार) फाइल २००३ मध्ये उघडणारा कम्पॅटिबिलिटी पॅक मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये डाउनलोडमधून काढला. त्यामुळे नव्यातून जुन्याकडे फाइल पाठवताना ‘वर्ड ९७-२००३’ प्रकारात सेव्ह करा. नव्या पद्धतीची समीकरणं त्यात चित्रं होतात, म्हणून मूळ डॉकएक्स जपून ठेवा. आणि जुनी डॉक नव्यात उघडल्यावर फाइल मेनूतलं कन्व्हर्ट बटण लेटरहेड आणि छापील फॉर्मांवर दाबू नका, त्याने मांडणी हलू शकते.