हार्वीजची जुन्या वळणाची बीअर: माइल्ड, बेस्ट, ओल्ड की एलिझाबेथन?

इंग्लंडला नोकरीसाठी किंवा मुलांकडे आलेली आपली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: "इथली जुनी, खरी बीअर प्यायची तर कुठली?" माझं उत्तर ठरलेलं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर गाडीत बसा, तासा-सव्वातासात ल्यूइसला उतरा आणि हार्वीजची बीअर मागवा. पुढचा प्रश्न मात्र अवघड असतो, कारण हार्वीजची म्हणजे त्यातली नेमकी कुठली?

ल्यूइस हे ससेक्समधलं ऊझ नदीकाठचं चढउतारांचं गाव. नदीला अगदी खेटून हार्वीजची ब्रुअरी, म्हणजे बीअरचा कारखाना, उभी आहे. धंदा १७९० पासूनचा, उंच मनोऱ्याची आजची इमारत १८८० च्या दशकातली. माल्ट (मोड आणून सुकवलेलं सातू) वर चढवायचा आणि मग उताराने एकेक मजला खाली येत बीअर तयार व्हायची, अशी ही जुनी रचना. गावकरी तिला 'ल्यूइसचं कॅथीड्रल' म्हणतात. १९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी अशा कितीतरी प्रादेशिक ब्रुअऱ्या विकत घेतल्या आणि कुलूपं लावली. हार्वीज कुटुंबाच्याच हाती राहिली, म्हणून १९५० च्या दशकातल्या इंग्लिश पबचा मेनू कसा असायचा हे तिथे अजून चाखून कळतं.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे बारमध्ये वेटर "माइल्ड की स्ट्राँग?" विचारतो तेव्हा तो फक्त अल्कोहोलबद्दल विचारत असतो. इंग्लंडमध्ये माइल्ड ही बीअरची एक स्वतंत्र जात आहे, बहुधा काळपट आणि कमी कडू. शिवाय त्या काळच्या जवळजवळ सगळ्याच बीअर आपल्या हिशेबाने सौम्य होत्या, आणि त्याला कारण सरकारी होतं. १८८० पासून तिथे कर बसायचा तो आंबवण्याआधीच्या रसाच्या घनतेवर. रसात माल्टची साखर जितकी जास्त, तितका कर जास्त. पाण्याची घनता १००० धरली, तर १९३९ मध्ये इंग्लिश बीअरची सरासरी १०४० च्या आसपास होती. दुसऱ्या महायुद्धात धान्याची टंचाई आली, कर वाढत गेला, आणि युद्ध संपल्यावर ती १०३० च्या जरा वर येऊन टेकली. गंमत म्हणजे युद्धकाळात लोणी, साखर, मटण सगळ्याला रेशन कार्ड होतं, पण बीअरला नव्हतं. सरकारने बीअर मिळू दिली, पाणी वाढवून. युद्ध संपलं तरी ग्राहकाच्या जिभेला त्याच ताकदीची सवय राहिली.

म्हणून टक्केवारी बघून निवडू नका. हार्वीजची माइल्ड आज ३ टक्के आहे, बेस्ट ४, ओल्ड ४.३ आणि एलिझाबेथन ७.५. एक पिंट म्हणजे ५६८ मिली. हिशेब केला तर माइल्डच्या तीन पिंटांत जेवढं अल्कोहोल जातं, जवळजवळ तेवढंच आपल्याकडच्या ८ टक्क्यांच्या एका ६५० मिली स्ट्राँग बाटलीत असतं. कामावरून सुटून संध्याकाळभर बसायचं, गप्पा मारायच्या, डार्ट्स खेळायचे आणि चालत घरी जायचं, अशा बैठकीसाठी ही बीअर होती. दुपारी पब बंद ठेवण्याची सक्ती तर इंग्लंडमध्ये थेट १९८८ पर्यंत होती, त्यामुळे जे काय प्यायचं ते बहुतेकांना संध्याकाळीच.

खरा सामना आहे तो माइल्ड आणि बेस्टमध्ये.

१९५० साली कुठल्याही पबमध्ये शिरला असतात, तर बहुतेक ग्लासांत माइल्डच दिसली असती. देशात सर्वांत जास्त खपणारी आणि सर्वांत स्वस्त तीच होती. कामगाराची बीअर. हार्वीजची डार्क माइल्ड उजेडाकडे धरली तर गडद तपकिरीतून लालसर झाक दिसते. वास भाजलेल्या माल्टचा, चवीत काकवीची आठवण, कडवटपणा अगदी मागे. तीन टक्क्यांच्या बीअरला अंग कुठून येणार असं वाटतं, पण ब्रुअर तिच्यात गडद माल्ट आणि साखर वापरून ते आणतो. पहिल्या दोन घोटांत ती फारसं काही सांगत नाही. अर्धा ग्लास झाल्यावर आवडायला लागते.

मग ती मागे का पडली? एक कारण प्रतिष्ठेचं. पगार वाढले, तरुणांना बापाची बीअर नको झाली. दुसरं जरा ओशाळवाणं आहे. ग्लासातून सांडलेली, तबकात साठलेली बीअर काही पबमालक गुपचूप पिंपात परत ओतत, आणि ती पचवायला काळी माइल्ड सोयीची, कारण तिच्यात गढूळपणा दिसत नाही. बिटर, म्हणजे बेस्ट ज्या जातीतली आहे ती कडवट बीअर, असते स्वच्छ तांबूस. तिच्यात असली लबाडी लगेच उघडी पडते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बिटरने माइल्डला मागे टाकलं, त्यात या शंकेचाही वाटा होता. आज असलं काही होत नाही. आता अडचण उलटी आहे: माइल्ड कमी खपते, आणि उघडलेलं पिंप तीन-चार दिवसांत संपलं नाही तर आंबट व्हायला लागतं. म्हणून गर्दीचा पब बघूनच माइल्ड मागवा. मे महिन्यात गेलात तर उत्तम, कारण खऱ्या पिंपातल्या बीअरसाठी १९७१ पासून झटणारी कॅमरा ही ग्राहकांची संघटना त्या महिन्यात माइल्डचा पुरस्कार करते आणि पबवालेही ती आवर्जून ठेवतात.

ससेक्स बेस्ट बिटर आली १९५५ मध्ये, म्हणजे वारं बदलत होतं नेमकं तेव्हा. रंग तांब्याचा. आधी माल्टचा गोडवा, मग हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, मातकट, किंचित वनस्पतीसारखा कडवटपणा, आणि शेवटी तोंड कोरडं करणारी एक झणक. ही झणक बीअर आंबवणाऱ्या यीस्टची आहे असं जाणकार म्हणतात. ते यीस्ट मूळचं ल्यूइसचं नाहीच. १९५७ मध्ये यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरच्या जॉन स्मिथ्स ब्रुअरीतून ते आणलं आणि तेव्हापासून एका घाण्यातून काढून पुढच्या घाण्यात घालत आजवर चालवलं आहे. हॉप्समध्ये फगल्स आणि गोल्डिंग्ज या जुन्या इंग्लिश जाती आहेत, केंट-ससेक्सच्या मळ्यांतल्या. पाणी ब्रुअरीच्या स्वतःच्या विहिरीचं, खडूच्या डोंगरातून झिरपून आलेलं. तरीही १९५५ चाच ग्लास आज हातात येतो असं मी म्हणणार नाही. तिथले ब्रुअर ज्याचा अभिमान बाळगतात ते मॅरिस ऑटर जातीचं सातूच मुळी १९६० च्या दशकातलं आहे.

गावाचा बेस्टवर किती जीव आहे ते २००६ च्या डिसेंबरात दिसलं. तिथला ल्यूइस आर्म्स हा पब ग्रीन किंग या मोठ्या कंपनीच्या मालकीचा होता. कंपनीने आपली बीअर खपावी म्हणून हार्वीजची बेस्ट तिथून काढून टाकली. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी पबवर बहिष्कार घातला आणि दारात उभं राहून आत जाणाऱ्यांना परतवायला सुरुवात केली. १३३ दिवस हे चाललं. २००७ च्या एप्रिलमध्ये कंपनी नमली आणि बेस्ट परत आली. माइल्डसाठी एवढं कुणी केलं नसतं, हेही खरंच.

तर दोघींत निवड कशी करायची? एकच पिंट घेणार असाल, किंवा पहिल्यांदाच जात असाल, तर बेस्ट. तिच्यात या ब्रुअरीचा स्वभाव जास्त स्पष्ट कळतो आणि ती ताजी असण्याची शक्यताही जास्त. पण १९५० चा इंग्लंड कळावा म्हणून पिणार असाल, तर माइल्ड घ्या आणि दोन पिंटांचा वेळ काढून बसा. कडू बीअर मुळीच सहन होत नसेल तरीही माइल्डच. फेसाळ, मलईदार ग्लासाची अपेक्षा मात्र दोघींकडून नको. तसा फेस उत्तरेत, यॉर्कशरकडे, नळाच्या तोंडाला जाळी लावून आणतात. दक्षिणेत हापसा ओढला की बीअर साधी, पातळ फेसाची येते. आणि थंडगारही नसते. तळघरातल्या ११ ते १३ अंशांवरची असते. आपल्या माणसाला पहिल्या घोटाला ती 'कोमट' वाटते, पण बर्फगार केली तर हॉप्सचा वास मरतो.

ओल्ड एलचा (एल म्हणजे जुन्या इंग्लिश धर्तीची बीअर) प्रश्न हवामान सोडवतं. ऑक्टोबरपासून वसंत ऋतूपर्यंतच ती मिळते. नाव 'ओल्ड' असलं तरी वर्षानुवर्षं मुरवलेली वगैरे काही नाही, माइल्डचीच थोरली बहीण म्हणा. तोच काळपट रंग, पण अंग भरलेलं, भाजका स्वाद ठळक, गोडवा जास्त. ५ नोव्हेंबरला ल्यूइसमध्ये रस्तोरस्ती मशाली घेऊन मिरवणुका निघतात. त्या थंडीत बाहेर उभं राहायचं तर बेस्टपेक्षा ओल्ड बरी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उन्हाळ्यात जाणार असाल तर हा परिच्छेद सोडून द्या.

दोन बीअरमध्ये मन अडकलं असेल तर त्या काळच्या लोकांनी तोडगा काढून ठेवला आहे: अर्धी-अर्धी मिसळून घ्या. माइल्ड आणि बिटर एकत्र करणं अगदी रोजचं होतं. ओल्ड आणि बिटरच्या मिश्रणाला पबमध्ये 'सासू' म्हणत. का ते वेगळं सांगायला नको. 'लाइट अँड बिटर' म्हणजे पिंपातली अर्धा पिंट बिटर आणि वर बाटलीतली लाइट एल. यात दुहेरी फायदा होता. बारवाला मोठ्या ग्लासात अर्धा पिंट ओतताना सहसा अर्ध्याच्या वरच ओतायचा, आणि पिंपातली बीअर मलूल असेल तर बाटलीतला वायू तिला जरा उठवायचा. बाटलीतली बीअर त्या दशकात जोरात होती ती याच भरवशामुळे: महाग, पण कुठेही घेतली तरी सारखीच. बेस्ट आणि ओल्डचं मिश्रण मला दोन्ही सुट्या बीअरपेक्षा आवडतं. आज तरुण बारवाल्याला ते समजावून सांगावं लागेल, एवढंच.

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, हिच्याबद्दल थोडक्यात. नावात इंडिया आहे म्हणून आपली मंडळी हौसेने मागवतात. एकोणिसाव्या शतकात मुंबई-कलकत्त्याला जहाजातून यायची ती पेल एल चांगली कडक होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक इंग्लिश ब्रुअऱ्यांत आयपीए म्हणजे साधी हलकी बिटर उरली. हार्वीजची ३.२ टक्क्यांची आहे. दुपारच्या जेवणासोबत ठीक. पण बेस्ट समोर असताना हिच्यावर पिंट खर्च करू नये.

एलिझाबेथन एल हे वेगळंच प्रकरण. जून १९५३ मध्ये राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला, त्या निमित्ताने काढलेली ही बार्ली वाइन, म्हणजे द्राक्षांचा संबंध नसलेली, नुसती वाइनच्या तोडीची जड बीअर. युद्धापासून पातळ बीअर पीत आलेल्या लोकांना ती किती चैनीची वाटली असेल याची कल्पना करा. (त्या वेळी आपल्याकडे मोरारजीभाईंच्या मुंबई राज्यात दारूबंदी होती आणि परमिटशिवाय साधी बीअरसुद्धा बेकायदा होती.) ही पिंटाने प्यायची नसते. लहान बाटलीत येते आणि तेवढ्या बाटलीत बेस्टच्या एका पिंटाएवढं अल्कोहोल जवळपास भरतं. गोड, जाड, सुक्या मेव्याच्या अंगाची, मागे हॉप्सचा भक्कम कडवटपणा. जेवणानंतर, चीजबरोबर, दोघांत एक बाटली पुरते. स्ट्राँग बीअरच्या सवयीने ही पहिलीच मागवाल, तर नंतर बेस्ट पाण्यासारखी लागेल. क्रम चुकवू नका: माइल्ड, मग बेस्ट, मग जमलं तर ओल्ड, आणि ही शेवटी.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना, जी पबमध्ये आपणहून कुणी देत नाही. पिंपातली इंग्लिश बीअर निवळावी म्हणून परंपरेने तिच्यात आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या फुग्यापासून करतात. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाचा जो 'बोत' सोन्याच्या भावाने विकला जातो, तसाच फुगा. इंग्रजी अमदानीत मुंबईहूनही असा माल विलायतेला जायचा. आयसिंग्लास तळाशी बसतं, ग्लासात सहसा येत नाही, पण पाळणाऱ्याला फरक पडतो. चालत नसेल तर काउंटरवर विचारा किंवा लेबल वाचून बाटली घ्या. बाटलीतली म्हणजे शाकाहारीच, असंही गृहीत धरू नका.

घरी न्यायचं असेल तर पिंपातली बीअर विसरा, ती दोन दिवसांत उतरते. क्लिफ हाय स्ट्रीटवर ब्रुअरीचं स्वतःचं दुकान आहे, तिथून एलिझाबेथन घ्या. जास्त अल्कोहोलमुळे ती टिकते, अंधाऱ्या कपाटात ठेवली तर सुधारतेही. भारतात प्रवाशामागे दोन लिटर दारूची करमुक्त सवलत आहे आणि त्यात व्हिस्की, वाइन, बीअर सगळं एकत्र मोजतात, तेव्हा ड्यूटी फ्रीमधून व्हिस्कीची लिटरची बाटली उचलणार असाल तर लहान बाटल्या तीनच घ्या, आणि त्या चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा.