एस्सिटालोप्रॅम-क्लोनाझेपाम जोडगोळी: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या महिन्यात मेडिकलवाल्याने जुनी चिठ्ठी परत केली. "ताई, नवीन आणा, याच्यावर देता येणार नाही." पट्टीवर लाल अक्षरांत एनआरएक्स, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकता येणाऱ्या, सवय लावू शकणाऱ्या औषधाची खूण छापलेली असते, त्यामुळे त्याचं बरोबरच होतं. माझा राग आहे तो या गोळीच्या बनावटीवर.

नैराश्य आणि चिंतेवरचं १० मिग्रॅ एस्सिटालोप्रॅम आणि घबराट शमवणारं ०.५ मिग्रॅ क्लोनाझेपाम, दोन्ही एकाच गोळीत. सुरुवातीला मी अगदी खूश होते. धडधड लगेच थांबली, झोप लागायला लागली, आणि दोन पट्ट्यांपेक्षा खर्चही कमी.

आता मत बदललंय. तो झटपट गुण क्लोनाझेपामचा होता. मेंदूतल्या पेशींना शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम ते वाढवतं. एस्सिटालोप्रॅमला काही आठवडे लागतात, सुरुवातीला कधीकधी बेचैनी वाढतेसुद्धा. तेवढ्या काळापुरतं क्लोनाझेपाम द्यायचं आणि मग हळूहळू काढायचं, हा त्यामागचा विचार. पण दोन्ही एकत्र असताना एकटं क्लोनाझेपाम कमी करणार कसं? गोळी अर्धी केली की एस्सिटालोप्रॅमही अर्धंच पोटात जातं! थोड्या दिवसांचं औषध मग महिनोन्‌महिने चालूच राहतं.

त्यात क्लोनाझेपामचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. रोज घेतलं की सुस्ती सकाळपर्यंत रेंगाळते. मी गॅससमोर उभी होते, तरी दूध उतू गेलेलं कळलं नाही.

नवी चिठ्ठी मिळेपर्यंत गोळीविना गेलेल्या रात्री फार वाईट होत्या. हात थरथरत होते, डोळ्याला डोळा लागत नव्हता. रोज घेणाऱ्याने एकदम बंद केलं तर फिटही येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२० मध्ये क्लोनाझेपामच्या गटातल्या (बेन्झोडायझेपाइन) सगळ्या औषधांवर व्यसन, अवलंबित्व आणि बंद करतानाच्या त्रासाचा ठळक इशारा छापायला लावला, तो उगाच नाही. दारू किंवा ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकाबरोबर घेतलं तर श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा तोल जाऊन पडण्याचा धोका वेगळाच.

डॉक्टरांनी आता दोन्ही औषधं वेगळी करून दिलीत. एस्सिटालोप्रॅम तेवढंच, क्लोनाझेपाम ०.२५ वर आणलंय. दोन पट्ट्यांचे पैसे जास्त जातात, पण ते मी आनंदाने देते. जोडगोळी लिहून मिळाली तर "यातलं क्लोनाझेपाम कधी आणि कसं थांबवायचं?" हे तिथल्या तिथे विचारून चिठ्ठीवरच लिहून घ्या. आधीपासून घेत असाल तर मनाने बंद करू नका. माझा डोस पुढच्या भेटीत आणखी उतरवायचा ठरलाय, आणि एस्सिटालोप्रॅमला हात न लावता तो उतरवता येणार आहे.