ऑफिस खुर्चीचा ११ महिन्यांचा अनुभव : आधी सीटची लांबी मोजा

गेल्या ऑक्टोबरात घेतलेली माझी खुर्ची जुलैअखेर, नेमकी आयकर विवरणपत्रांच्या गर्दीत, खाली बसायला लागली. लिव्हर ओढून वर करायची, आणि पंधरा मिनिटांत परत खांदे उचलून टाइप करायची पाळी. गॅस लिफ्ट, म्हणजे सीट वर-खाली करणारा सिलिंडर, गेली होती. आतला नायट्रोजन एकदा गळायला लागला की तो भरता येत नाही, अख्खा सिलिंडरच बदलावा लागतो.

मी गोव्यात फोंड्याला घरूनच हिशेबाची कामं करते. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी, ही जीएसटीची विवरणपत्रं. त्या दिवसांत दहा-दहा तास खुर्चीतच जातात. तक्रार केली तर पहिलं उत्तर, ‘तुमच्या पिनकोडला सर्व्हिस नाही.’ विकताना हाच पिनकोड चालला होता! मग व्हिडिओ पाठवा, बिल पाठवा, आणि मग बेळगावहून माणूस येईल, त्याच्या फेरीचे ७५० रुपये भरा. तीन वर्षांची वॉरंटी दिल्यावर हे पैसे कशाचे? मी भरले नाहीत. रोज एक मेल टाकत राहिले. शेवटी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, चार दिवस आधी नुसता सिलिंडर कुरियरने आला, तुमचा तुम्ही बसवा म्हणून.

हा सिलिंडर स्क्रूने बसवलेला नसतो. त्याचं निमुळतं टोक खालच्या पंचपायात, म्हणजे चाकं असलेल्या पाच फाट्यांच्या पायात, बसणाऱ्याच्या वजनानेच घट्ट रुतत जातं. त्यात आमच्या पावसाळ्याने त्या जोडावर गंज चढवलेला. माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायची, चौकट दुरुस्त करायला मेस्त (सुतार) आले होते, त्यांनीच हात घातला. खुर्ची उलटी केली, गंजावर तेल सोडून अर्धा तास तशीच ठेवली, मग रबरी हातोडीने गोल फिरत चहूबाजूंनी घाव घातले. पंचपाय निघाला. वरचं टोक मात्र पाइप पान्याने पिळूनच सुटलं. नवा सिलिंडर नुसता आत सरकवून वर बसायचं, झालं.

बसवल्यावर मी बसून दाखवलं, तर मेस्त म्हणाले, “बाय, ही तुका लांब जाता.” म्हणजे, सीट तुला लांब पडते.

आणि इथे माझं या खुर्चीबद्दलचं मत बदललं. दहा महिने मी कंबरेच्या आधाराला, म्हणजे लंबर सपोर्टला, नावं ठेवत होते. तो वर केला, खाली केला, मागे उशी लावून पाहिली. दोष त्याचा नव्हताच. माझी उंची पाच फूट एक इंच. पाठ टेकून बसल्यावर सीटची कडा आणि पोटरी यांच्यात दोन-तीन बोटं शिरतील एवढी जागा हवी. तशी जागा राहायला मला पाठीपासून पुढच्या कडेपर्यंत साडेसोळा इंचांची सीट लागते. ही साडेएकोणीस इंच आहे. तीन इंच जास्त! पाठ टेकली की कडा गुडघ्यामागे रुतते, पाय बधिर होतात, म्हणून नकळत पुढे सरकायचं. आणि पुढे सरकलं की तो लंबर सपोर्ट मागे रिकाम्या हवेला आधार देत राहतो.

हेच मॉडेल सीट पुढे-मागे सरकवायच्या सोयीसकट ३,००० रुपयांनी महाग होतं. ते ३,००० मी वाचवले, याची मला आजही चुटपुट आहे. आर्मरेस्ट किती दिशांना फिरतो, हेडरेस्ट आहे का, याची मी तुलना केली होती. टेप घेऊन स्वतःची मांडी मोजली नव्हती. ‘बीफ्मा’चा, म्हणजे अमेरिकेतल्या फर्निचर उत्पादकांच्या संघटनेच्या चाचण्यांचा, शिक्काही पाहिला होता. पण त्या चाचण्या मजबुती आणि सुरक्षिततेच्या, खुर्ची कोणाच्या अंगाला बसते हे त्या सांगत नाहीत. हर्मन मिलरची ‘एरॉन’ १९९४ साली आली ती ए, बी, सी अशा तीन मापांत. आपल्याकडे चपलेला नंबर विचारतात, आणि खुर्ची मात्र सगळ्यांना एकाच मापाची.

दुसरी गोष्ट टेबलाची. बाजारातलं टेबल २९-३० इंच उंच. कोपर त्याला जुळवायला खुर्ची वर घेतली की माझे पाय लोंबकळतात, कडा आणखी रुतते. मेस्तांनी उरलेल्या फणसाच्या फळीचा चार इंची उतरता पाट करून दिला, १५० रुपयांत. पाय त्यावर ठेवले त्या दिवसापासून रात्रीची पोटरी दुखायची थांबली. खुर्ची घेतली त्याच दिवशी हे करायला हवं होतं.

बाकी जाळीच्या पाठीला मी पूर्ण मार्क देईन. मे महिन्यात पंख्याखाली पाठ कोरडी राहिली आणि पावसात जाळीला काही झालं नाही. हेडरेस्टच्या फोमवर मात्र बुरशीचे ठिपके आले. तो काढून ठेवलाय. रेक्झिनच्या सीटचा विचार असेल तर गोव्यात नकोच, दमट हवेत तिचे पापुद्रे सुटतात. चाकं नायलॉनची आहेत, टाइल्सवर खडखडतात.

नवरा पाच फूट दहा. परवा तो बसला, पाठ टेकली, गुडघ्यामागे बरोबर तीन बोटं जागा. खुर्ची आता त्याच्या टेबलाला गेली. पाट माझ्याकडे. माझ्यासाठी सरकती सीट असलेली बघतेय. मडगावच्या दुकानात एक आहे, कमीत कमी १७ इंचांवर येते. रविवारी टेप घेऊन जाणार आहे.