डीटीएफसाठी शाईची सोय: कार्ट्रिज, ढवळणारी टाकी की सर्क्युलेशन?

साधा इंकजेट बदलून त्यावर डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग उष्णतेनं कापडावर उतरवणं) छापायचं ठरवलं की प्रिंटरचा प्रश्न फार वेळ खात नाही. हेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, पिएझो लागतं: विजेनं आकार बदलणाऱ्या स्फटिकाच्या धक्क्यानं शाई फेकणारं. थर्मल हेड शाई तापवून, बुडबुड्याच्या जोरावर बाहेर फेकतं आणि डीटीएफची रेझिनवाली शाई त्या तापत्या भागावरच शिजून बसते. म्हणून मंडळी एप्सनकडे वळतात. त्यातही सहा रंगांचं यंत्र बघतात, कारण लाइट सायन आणि लाइट मॅजेंटाच्या जागा पांढऱ्याला देता येतात. ए४साठी एल८०५ आणि ए३+साठी एल१८०० ही नावं सारखी ऐकू येतात ती यामुळेच. डोकं खाजवावं लागतं ते पुढे, टाकीतली शाई हेडपर्यंत कशी न्यायची यावर.

चार रंगांची काळजी नको. त्यांची मूळ नळी, मूळ टाकी चालते. सगळी भानगड पांढऱ्याची. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि त्याची घनता पाण्याच्या जवळजवळ चौपट. शाई थांबली की साका धरायला लागतो. टाकीच्या तळाशी धरतो, आडव्या नळीत धरतो आणि हेडच्या डोक्यावरच्या डॅम्परमध्येही (शाई गाळून दाब स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डबीतही) धरतो. तिन्ही पर्यायांकडे मी एकाच नजरेनं बघतो: यातला कोणता मुक्काम कमी होतो, आणि त्याच्या बदल्यात कोणती नवी कटकट गळ्यात पडते?

पुन्हा भरता येणारी कार्ट्रिज हा सगळ्यात साधा मार्ग. आर१३९०सारख्या यंत्रात कार्ट्रिज थेट कॅरेजवर (हेड घेऊन इकडून तिकडे सरकणाऱ्या भागावर) बसते, मधे नळीच नाही. काम संपलं की पांढऱ्या कार्ट्रिज काढायच्या, जागी क्लीनिंग लिक्विड भरलेल्या बसवायच्या आणि एकदा हेड क्लीनिंग करायचं. हेडमध्ये पांढरी शाई उरतच नाही म्हटलं तरी चालेल. पुढच्या वेळी कार्ट्रिज हळूच दोन-चारदा उलटीसुलटी केली की काम सुरू. तोटा उघड आहे. रंगांखालचा पांढरा थर शाई गटागट पितो आणि कार्ट्रिजमध्ये ती असते थोडीशी. ऐन छपाईत संपली तर ती फिल्म वाया. शिवाय प्रत्येक वेळी काढघाल करताना थोडी हवा आत शिरते आणि कार्ट्रिजमधली शाई मोजणाऱ्या चिपचं रिसेट सांभाळावं लागतं ते वेगळंच. अधूनमधून छापणाऱ्यासाठी मात्र याहून निर्धास्त सोय मला माहीत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे बाहेरची टाकी आणि तिच्यात छोटा ढवळणारा पंखा किंवा चुंबकी दांडी. एल मालिकेत टाकी आणि नळ्या आधीच असतात, त्यामुळे भर फक्त ढवळणाऱ्या मोटरची. ती सावकाश फिरायला हवी. जोरात घुसळलं की फेस होतो, फेसातली हवा नळीत जाते आणि मग तुम्ही नोझल (हेडचं शाई सोडणारं बारीक भोक) बुजलं समजून क्लीनिंगवर क्लीनिंग करत बसता.

टाकीची उंचीही इथे महत्त्वाची. हेडच्या तोंडाशी शाई थोड्या ऋण दाबानं धरलेली असते. टाकी वर उचलली की हेड गळतं, फार खाली ठेवली की शाई मागे ओढली जाते. मूळ टाकीच्या जागी दुसरी बसवाल तर शाईची पातळी मूळ टाकीतल्याइतकीच ठेवा.

पण ढवळलं जातं ते टाकीत. नळीचं काय? २ मिमी आतल्या व्यासाची १ मीटर नळी धरली तर तिच्यात सुमारे ३ मिली शाई मावते. रात्रभर उभी राहिलेली ही शाई सकाळी ढवळलेल्या शाईच्या आधी हेडमध्ये जाते. म्हणून दिवसाची सुरुवात पांढऱ्याचा भरगच्च पट्टा छापून करावी लागते. रोज छापत असाल तर एवढं पुरतं, कारण खपणारी शाईच नळी हलती ठेवते.

तिसरा, सर्क्युलेशनचा. यात पांढऱ्याला दोन नळ्या, एक जाणारी आणि एक परतणारी. मधे छोटा पेरिस्टाल्टिक पंप (रुळांनी नळी दाबत शाई पुढे ढकलणारा), त्याला टायमर. घेताना एक गोष्ट विचारून घ्या: परतीची नळी डॅम्परच्या अलीकडे टी-जोडातून निघते की डॅम्परमधूनच? टी-जोड असेल तर नळी हलती राहते, डॅम्पर तसाच साचलेला. परतीचं तोंड असलेला डॅम्पर घेतला तरच तिन्ही मुक्काम सुटतात. त्याच्या पुढचा, डॅम्पर ते नोझल हा शेवटचा टप्पा मात्र असल्या जोडणीत फिरत नाही. त्यामुळे ‘पंप लावलाय, आता महिनाभर बघायला नको’ हा गैरसमज आधीच काढून टाका. छपाई नाही म्हणजे नोझल वाळणारच.

पंप छपाई चालू असताना बंद हवा. दाब वाढला तर हेडमधून शाई ठिबकते, ओढ वाढली तर नोझलमधून हवा आत. मी पहिल्यांदा पंप पूर्ण वेगानं लावून झोपायला गेलो. सकाळी कॅरेजखाली पांढरं तळं आणि एन्कोडर पट्टीवर (कॅरेज कुठे आहे ते यंत्राला कळवणाऱ्या पट्टीवर) शिंतोडे. पट्टी पुसेपर्यंत कॅरेज एका बाजूला जाऊन आदळत होतं. जोड जितके जास्त तितक्या गळायच्या जागा जास्त, आणि पंपाच्या आतली नळीही दाबली जाऊन जाऊन झिजते. तीही बदलावी लागते.

आता निवड. बहुतेक जण महिन्याला किती छपाई होईल ते मोजतात. मी म्हणेन, दोन छपायांच्या मधे किती दिवस जातात ते मोजा. रोज छापणाऱ्याला ढवळणारी टाकी पुरते, सर्क्युलेशन त्याला जास्तीचं लोढणं. मधे दोन-चार दिवसांची खंडं पडत असतील आणि यंत्राजवळ रोज नोझल चेक (सगळी नोझलं चालतात का ते दाखवणारा रेघांचा नमुना) काढणारं कुणी असेल, तर सर्क्युलेशनचे कष्ट वसूल होतात. पंधरा-पंधरा दिवस यंत्र झाकून ठेवणाऱ्यानं पंपाच्या मोहात न पडता कार्ट्रिज घ्यावी.

आधीच टाकीवाला प्रिंटर असेल आणि पांढरं पातळ पडत असेल, तर पंप मागवण्याआधी एक तपासणी करा. छपाईच्या आधी आणि लगेच नंतर नोझल चेक काढा. आधीच रेघा तुटक असतील तर नोझल बुजलंय किंवा वाळलंय. आधी पूर्ण आणि नंतर तुटक असतील तर शाई वेळेत पोचत नाहीये: डॅम्परमध्ये हवा असेल, त्याची जाळी तुंबली असेल किंवा टाकीचं हवेचं भोक बंद असेल. ते भोक आधी बघा. निम्म्या वेळा बूच तिथेच विसरलेलं असतं.