पहिलं लाकडी जहाज: डोरी घ्यायची की स्विफ्ट?

किट आणून बांधायचं पहिलं लाकडी जहाजाचं मॉडेल म्हटलं की सगळ्यांच्या मनात व्हिक्टरी ही ब्रिटिश युद्धनौकाच असते, १७६५ साली पाण्यात उतरलेली, १०४ तोफांची. ती आत्ता नको. तेच तेच काम शेकडो वेळा करावं लागतं, दोऱ्यांना तर अंत नाही, आणि अर्धवट डबा माळ्यावर जातो.

माझ्या मते निवड खरं तर दोघींतच आहे, मॉडेल शिपवेज कंपनीची लोवेल ग्रँड बँक्स डोरी (१:२४, म्हणजे खऱ्या बोटीच्या चोविसाव्या भागाएवढी) किंवा आर्टेसानिया लॅटिना कंपनीची स्विफ्ट (१:५०). डोरी म्हणजे कॉड मासे पकडायची सपाट तळाची छोटी बोट, मॅसॅच्युसेट्समधल्या एम्सबरी गावात लोवेलांचा कारखाना १७९३ पासून, आणि मोठ्या स्कूनरच्या (शिडाच्या जहाजाच्या) डेकवर या बोटी बसायच्या फळ्या काढून वाट्यांसारख्या एकात एक रचून न्यायचे. स्विफ्ट ही १८०५ सालची व्हर्जिनियाची पायलट बोट (बंदरात वाट दाखवणाऱ्याला जहाजापर्यंत नेणारी), दोन डोलकाठ्यांची.

आता कोणती सोपी? डोरीच्या फळ्या लेझरने कापूनच येतात, मोजक्याच असतात, आणि कौलांसारख्या एकीवर एक चढवायच्या, फक्त जिथे चढतात तिथे कडेला थोडा उतार तासावा लागतो. पण बोट उघडी, आतबाहेर सगळं दिसतं, पुट्टीखाली लपवायला जागाच नाही. स्विफ्टचं नेमकं उलटं. कण्यात आडवे बल्कहेड, म्हणजे जहाजाला आकार देणारे लाकडी तुकडे, बसवायचे, त्यावर फळ्यांचा पहिला थर, तो कितीही वेडावाकडा झाला तरी पुट्टी भरून पॉलिश पेपरने घासायचा आणि वर दुसरा पातळ थर चढवायचा. म्हणजे चूक पोटात घेते, पण काम चौपट, कारण प्रत्येक पट्टी नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, निमुळती करा, पाण्यात भिजवा, गरम करून वाकवा, आणि एकदा डावीकडे एकदा उजवीकडे अशाच लावत जा, नाहीतर कणा पिळला जातो आणि मग तो सरळ होत नाही. बल्कहेडच्या कडा आधी नीट घासून घेतल्या नाहीत तर पट्टी टेकतच नाही, तिथे घाई अजिबात नको.

डोरी काही वीकेंडमध्ये होते, स्विफ्टला काही महिने धरा.

रंगाच्या बाबतीत मात्र डोरीच. तिला रंगवायचंच असतं, डोरी बफ नावाचा पिवळसर रंग या बोटींचा ओळखीचा. स्विफ्टचा वरचा थर चांगल्या लाकडाचा, त्यावर बरेच जण नुसतं व्हार्निश मारतात. बासवूडवर, म्हणजे किटमधल्या मऊ फिक्या लाकडावर, थेट रंग लावू नका, लाकडाची लव उभी राहते. आधी सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप), मग ४०० नंबरचा पेपर, धूळ पुसा, मग ॲक्रिलिकचे पातळ तीन-चार हात. पाण्याची रेघ, म्हणजे बोट पाण्यात जिथवर बुडते ती खूण, मारायची असेल तर मास्किंग टेपच्या कडेवरून आधी एक हात क्लिअर कोट (बिनरंगी लेप) फिरवा, तो कडेखालच्या फटी भरतो आणि मग रंग आत झिरपत नाही, ही एक गोष्ट मला आधी कुणी सांगायला हवी होती.

गोंद दोन्हीकडे पांढरा फेविकॉल वापरा, कपड्याचे चिमटे लावून. मी डोरीच्या आतल्या बाजूला इन्स्टंट ग्लू वापरला होता, तो लाकडात मुरला आणि स्टेन लावल्यावर तेवढेच डाग फिके राहिले, अजून दिसतात आणि अजून वाईट वाटतं.

हाताशी काहीच अनुभव नसेल तर डोरी घ्या. तिच्यापुढे त्याच मालिकेत नॉर्वेजियन प्रॅम ही छोटी बोट आणि मग लॉब्स्टर स्मॅक ही मासेमारीची बोट आहे, तिघींची आखणी डेव्हिड अँटशर्ल यांची, शीड-डोलकाठी तिथे येते. पण सुतारकाम थोडंफार केलेलं असेल आणि पुढे कधी ड्रॉइंगवरून मराठा आरमारातलं आपलं गुराब किंवा गलबत बांधायचं मनात असेल, तर थेट स्विफ्ट घ्या, कारण साधी सरळ पट्टी तासून वाकवायची कशी हे डोरी शिकवत नाही.