थेंब सरकवायचा : व्होल्टेजने की ध्वनिलहरीने?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी सपाट पृष्ठभागावर थेंब हलवण्याचा विषय घेतलेली मुलं शेवटी एकाच प्रश्नावर येतात : इलेक्ट्रोवेटिंग (इलेक्ट्रोडला व्होल्टेज देऊन थेंब तिकडे ओढणं) घ्यावं की पृष्ठीय ध्वनिलहरी, म्हणजे ‘सॉ’ (पृष्ठभागावरून धावणाऱ्या लहरीने थेंब ढकलणं)? सोलापुरात, क्लीनरूम (धूळमुक्त खोली) नसताना, मी दोन्ही करून पाहिलंय. दोन्हींची मुळं जुनी. इलेक्ट्रोवेटिंगचं मूळ लिपमन या शास्त्रज्ञाच्या १८७५ च्या कामात, सॉचं रॅले याच्या १८८५ च्या. व्हायवात विचारतात म्हणून सांगून ठेवतो.

थेंबावर ताबा हवा असेल तर इलेक्ट्रोवेटिंगला तोड नाही. चौकोनी इलेक्ट्रोडच्या जाळीवर थेंब वळवा, दोन एकत्र करा, एकाचे दोन करा, सगळं प्रोग्रॅमवर. शिवाय वर दुसरी काच ठेवून मध्ये सिलिकॉन तेल भरलं की पारा चाळिशीपार गेला तरी थेंब वाळत नाही. सॉमध्ये थेंब लहरीच्या वाटेनेच जातो. परत आणायचा तर समोर दुसरा ट्रान्सड्यूसर (लहर निर्माण करणारे इलेक्ट्रोड) हवा, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात उघडा थेंब बघता बघता आकसतो.

तरी इलेक्ट्रोवेटिंगवरून माझं मन फिरलं ते फिल्मपायी.

इलेक्ट्रोवेटिंगमध्ये थेंब आणि इलेक्ट्रोड यांच्यात इन्सुलेशनचा थर लागतोच. पॅरिलीन या पॉलिमरच्या पातळ कोटिंगची सोय आमच्याकडे नाही, म्हणून पातळ प्लॅस्टिक फिल्म ताणून बसवायची. मोबाईलला स्क्रीन गार्ड लावताना राहतो तसा हवेचा एखादा बुडबुडा खाली राहतो आणि थेंब नेमका तिथेच अडून बसतो, कारण बरंचसं व्होल्टेज त्या हवेच्या फटीतच खर्च होतं. मग हात आपोआप व्होल्टेज वाढवायला जातो. फिल्म जाड, त्यामुळे ते आधीच शेकड्यांत असतं. फिल्मला बारीकसं छिद्र असलं की संपलं : थेंबात विद्युत-अपघटन सुरू होतं, बुडबुडे येतात, तांबं काळं पडतं. फिल्म काढा, पुसा, पुन्हा ताणा. मार्चनंतर खिडक्या बंद ठेवूनही धूळ आत येते, आणि एक कण खाली गेला की पुन्हा तेच. आमचे लॅबमधले मामा फिल्म ताणण्यात माझ्याहून तरबेज झालेत, यावरून काय ते समजा.

सॉमध्ये ही भानगडच नाही. लिथियम नायोबेट या स्फटिकाच्या चकतीवर (व्होल्टेज दिलं की हा स्फटिक थरथरतो आणि लहर उठते) इलेक्ट्रोड असतात थेंबापासून लांब, एका कडेला. लहरीचं स्पंदन नॅनोमीटरांत मोजण्याइतकं, पण थेंबाखाली पोचली की ती साधारण २२ अंशांनी झुकून पाण्यात शिरते आणि थेंबाला पुढे रेटते. पृष्ठभाग पाणी झटकणारा हवा, इतकंच. कोटिंग खराब झालं तर पुसून पुन्हा द्यायचं.

खर्च म्हणाल तर चकती महाग आणि आरएफ (रेडिओ-वारंवारतेचा) अॅम्प्लिफायर वेगळा. पण इलेक्ट्रोड चकतीवरच काढले पाहिजेत असं नाही. पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डवर) काढून चकतीवर घट्ट दाबले तरी काम होतं. लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ४००० मीटर. म्हणजे १० मेगाहर्ट्झला लहरलांबी ०.४ मिलिमीटर आणि कंगव्यासारख्या इलेक्ट्रोडचं एकेक बोट त्याच्या पाव, म्हणजे ०.१ मिलिमीटरचं. एवढं पीसीबीवाला देतो. ३० मेगाहर्ट्झचा हट्ट धरलात तर बोटं आणखी बारीक होतात, मग बहुधा फोटोलिथोग्राफीच (प्रकाशाने बारीक नक्षी उठवण्याची पद्धत) शोधावी लागेल.

चकती ठिसूळ असते, एकाच जागी तापली तर तडकते. खाली अॅल्युमिनियमचा ठोकळा ठेवा आणि पॉवर सलग न देता पल्समध्ये द्या. थेंब सरकायचा सोडून उडायला लागला तर पॉवर जास्त झाली म्हणायचं.

एका वेळी आठ-दहा थेंब खेळवायचे असतील आणि कुणी पॅरिलीन कोटिंग करून देणारं ओळखीचं असेल, तर इलेक्ट्रोवेटिंग घ्या, मी आडवा येणार नाही. एक-दोन थेंब आणि आपली नेहमीची लॅब एवढ्यावर भागवायचं असेल, तर माझ्या मते चकतीची ऑर्डर टाकलेली बरी, तीही दिवाळीच्या सुट्टीआधी. १२८ अंश वाय-कट (स्फटिक कापण्याचा कोन) मागा, आणि लहर ज्या दिशेने पाठवायची तो एक्स-अक्ष कोणत्या दिशेला आहे ते विक्रेत्याकडून लिहून घ्या.