मंडळाची जुनी घटना: अक्षर धरायचं की हेतू?

पाटण-जावळीकडच्या गावांचा एक पाय गावात, दुसरा मुंबईत. त्यामुळे तिथल्या मंडळांच्या जुन्या घटनांवरून, म्हणजे नियमावलींवरून, भांडण लागतं ते बहुधा दोन गोष्टींवर: सभासद कोण, आणि नोटीस पोचली का. नव्या सचिवाला पहिल्याच वार्षिक सभेआधी ठरवावं लागतं, घटना अक्षरशः पाळायची की हेतू बघायचा.

अक्षर धरलं की कुणाची मर्जी चालत नाही. चौदा दिवस आधी नोटीस म्हणजे चौदा दिवस. आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकून 'निळ्या टिका आल्यात की' म्हणणारा अध्यक्ष इथं अडतो. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, आणि विरोधी गट नोटीस आणि कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) यांवरच बोट ठेवतो. पण अक्षरच मेलं असेल तर? जुन्या घटनांत 'नोटीस यूपीसीने पाठवावी' असं सापडतं, म्हणजे पत्र टाकल्याचा टपाल खात्याचा दाखला घेऊन. टपाल खात्याने यूपीसी 2011 मध्येच बंद केली.

हेतूवाला म्हणतो, पोच महत्त्वाची. स्पीड पोस्टाने पाठवा. बरोबरच आहे. देशाच्या राज्यघटनेत केंद्राच्या यादीत टपाल, तार, टेलिफोन 'आणि यांसारखी' दळणवळणाची साधनं आहेत. तार 2013 मध्ये संपली, इंटरनेट त्या शेपटीत बसलं. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य जपणाऱ्या कलम 21 मधली 'कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती' 1950 च्या गोपालन खटल्यात शब्दाला चिकटून वाचली गेली. 1978 मध्ये मनेका गांधी खटल्यात ती न्याय्यही असली पाहिजे असं ठरलं. फक्त असा अर्थ लावायचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा आहे, मंडळाच्या सचिवाचा नव्हे!

'गावचा रहिवासी' या दोन शब्दांत हेतू घसरतो. देवळाच्या कळसाला पैसे देणारा मुंबईकर, रेशनकार्ड घाटकोपरचं. हेतू बघून तो आत आला, ठीक. मग गाव कधी न पाहिलेला त्याचा नातू? रेघ कुठं ओढायची हे सोयीने ठरतं, आणि सोय निवडणुकीच्या वर्षी बदलते.

माझं मत विचाराल तर नोटीस, कोरम, मतदान अक्षरशः पाळा. घटनेतलं उद्देशांचं कलम मात्र हेतू बघून वाचा. 'वाचनालय चालवणे' यात संगणक बसतो, मंगल कार्यालय नाही. सभासदत्वाचा अर्थ लावत बसू नका, सरळ नियम दुरुस्त करा. उद्देशच बदलायचे असतील तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याचं कलम 12 लागतं: महिन्याच्या अंतराने दोन विशेष सभा, दोन्हींत तीन पंचमांश मतं. एक तरी सभा गणपतीत किंवा यात्रेला धरा, मुंबईकर तेव्हाच भेटतात. दुरुस्तीच्या सभेची नोटीस मात्र जुन्या घटनेप्रमाणेच काढा, आणि यूपीसीऐवजी स्पीड पोस्ट का केलं ते इतिवृत्तात लिहून ठेवा.